रबडीचा दांड

पिंपळगव्हाणात कुणाच्या वावरात पाणी अडलं की लोक सूर्यभानला हाक मारायचे. दांड, म्हणजे शेतात पाणी नेणारा पाट, काढावा तर सूर्यभाननंच, असं गावात ठरूनच गेलेलं होतं. टवाळ पोरं म्हणायची, "सूर्यभानकाकाले सांगा, ते पाण्याले टेकडीवर बी चढवतीन." त्यावर तो रागावायचा नाही. मिशीतल्या मिशीत हसायचा आणि फावडं खांद्यावर टाकून निघायचा. माणसाला कशाचा तरी तोरा असतोच. याला उताराचा होता.

त्याची रीत बापाकडून आलेली. माळ्याचं घर, पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला. दांड खोदून झाला की वरून पाणी सोडायचं आणि पाण्याच्या तोंडाबरोबर आपण कडेकडेनं चालायचं. पाय उचलून पळावं लागलं तर उतार जास्त, पाणी काठ खाणार. थांबून वाट बघावी लागली तर उतार कमी, माती पाणी पिऊन टाकणार. भरल्या बंडीच्या बैलासारखं पाणी चालायला हवं, आणि गुमान चालायला हवं. खळखळ करणारं पाणी म्हणजे उंडारलेलं पाणी, असं बाप सांगायचा. इंजिनियर लोक पारदर्शक नळ्या आणि दुर्बिणी घेऊन येतात, त्यांचं काम त्यांच्या जागी असेल. सूर्यभानचा भरवसा स्वतःच्या पायांवर होता.

थोरली बहीण माणिकबाई. तिला दिली होती भातकुलीच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो. माहेरी आली की ती कुणाशी बोलायच्या आधी टेकडीखालच्या विहिरीवर जायची, गडवाभर पाणी उभ्यानंच घटाघटा प्यायची आणि मग "कसं काय हाय रे सूर्या?" म्हणायची. नवरा गेला, पोटी लेकरू नाही, सासरी कुणी धड बोलेना, तेव्हा सूर्यभान स्वतः जाऊन तिला घेऊन आला आणि ती विहीर अन्‌ विहिरीलगतचा पट्टा तिच्या नावचा म्हणून देऊन टाकला. गावानं त्याला वेड्यात काढलं. आजकाल भाऊ बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतात, हा उलटा देत सुटला! पण पुढच्याच वर्षी सूर्यभानची बायको तापानं गेली, आणि त्याच्या लहानग्या कुलदीपला माणिकबाईनंच न्हाऊमाखू घालून मोठं केलं. तेव्हा वेडं कोण आणि शहाणं कोण, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

माणिकबाई त्या पट्ट्यात सांबार (म्हणजे कोथिंबीर), मेथी, पालक, वांगी लावायची आणि सकाळच्या ऑटोनं अमरावतीच्या भाजीबाजारात न्यायची. बाई खमकी, बाजारात दलालाला घाम फोडणारी. पण घरी कुठलीही नवी गोष्ट करायची झाली, मग ती बियाण्याची पुडी असो की शेळी, आधी भावाला विचारायची, "घेऊ का रे?" सूर्यभान पाहायचा, विचार करायचा आणि म्हणायचा, "घे." तो "घे" आला की बाईचा जीव भांड्यात पडायचा. भोळेपणा नव्हता तो. खारपाणपट्ट्यात तिला एकदा न विचारता देऊन टाकलं होतं, त्यानंतर तिला विचारून पाऊल टाकायची खोड लागली होती, इतकंच.

टेकडीवर खुशालरावांची गिट्टीची खदान होती. खुशालराव अकोल्याचे, घर जठारपेठेत, पण आठवड्यातून दोनदा गाडी घेऊन येणारे, गोड बोलणारे, कुणाच्याही ओट्यावर मांडी घालून चहा पिणारे. नदीची रेती मिळेनाशी झाली तसं त्यांनी दगड दळून रेती करायचा आणि ती धुवायचा प्लांट टाकला. रेती धुतली की जे उरतं ते दगडाचं राखाडी पीठ आणि पाणी, चिखलाहून चिकट. कामगार त्याला रबडी म्हणत. ती साठवायचा प्लांटजवळचा खड्डा भरत आला होता. पलीकडे एक जुनी, सोडून दिलेली खदान मोकळी पडलेली होती. तिथपर्यंत रबडी आपोआप वाहून जाईल अशी वाट एकच, माणिकबाईच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, विहिरीच्या वरच्या अंगानं.

कुलदीप आयटीआय करून त्याच प्लांटवर सुपरवायझर लागला होता. खुशालराव त्याच्यासोबतच ओट्यावर आले.

"सूर्यभानभाऊ, दांड तुमीच काढा. तुमच्या हाताशिवाय भरवसा नायी."

सूर्यभान पाघळला. पाघळणारच, ज्याला ज्याचा तोरा, त्याला तिथंच गोंजारतात. तरी तो म्हणाला, "बाईची इहीर हाय तथी. गावात गोडं पाणी तेवढंच हाय. मी आंधी चालून पाहीन, मंगच सांगीन."

"पाहा नं! चालून पाहा, पळून पाहा," खुशालराव हसले.

सूर्यभाननं दांड खोदला. पाण्याला देतात तसाच हलका उतार दिला, विहिरीजवळच्या वळणावर काठ चोपून चोपून घट्ट केले. मग चाचणीचा दिवस ठरला. अर्धं गाव धुऱ्यावर जमलं होतं. वरून कुलदीपनं हात हलवला, रबडी सुटली, आणि सूर्यभान तिच्या तोंडाबरोबर चालू लागला. राखाडी, पातळ, गुमान. त्याच्या पावलाला पाऊल लावून ती वळणावर वळली, विहिरीवरून काठाला न शिवता पुढे गेली आणि जुन्या खदानीत जाऊन पडली. सूर्यभानला एकदाही पाय उचलावा लागला नाही, की थांबावं लागलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बापानं पाहायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

माणिकबाई विहिरीच्या थाळ्यापाशी उभी होती. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "घेऊ का रे धुऱ्यावर हे?"

"घे बाई. पाण्यासारखं चालते. तुह्या इहिरीले धक्का नायी लागत, माह्या जबानीवर घे."

झालं. बाईनं मान हलवली. खुशालरावांनी पेढे वाटले, आणि कुलदीपनं आत्याच्या पाया पडून पहिला पेढा तिच्या तोंडात घातला.

पहिले काही दिवस बरे गेले. मग टेकडीवर एक उंच गोल टाकी उभी राहिली. कुलदीपच म्हणाला की उन्हाळ्यात बोअरला पाणी राहत नाही, म्हणून रबडीतलं पाणी काढून परत वापरायचं आहे. टाकीत कसलीशी भुकटी टाकली की पीठ खाली बसतं, पाणी वर राहतं. त्यानंतर दांडात जे येऊ लागलं ते वेगळंच होतं. पिठलं आटत आलं की पळीला जसं चिकटून राहतं, तसं. सूर्यभाननं निंबाची पानं टाकून पाहिली. मधली पानं एकमेकांना न सोडता, एका चटईवर बसल्यासारखी पुढे सरकत होती. कडेची पानं मात्र जिथं टाकली तिथंच. पाण्यात असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं पोराला विचारलं, "काऊन रे इतकं घट्ट येऊन राह्यलं?"

"एखांदा दिवस येते बाबा. टाकी नवी हाय. होते बरोबर."

पोटच्या पोरानं सांगितलं, यानं ऐकलं. आणि खरं सांगायचं तर सूर्यभानला काळजीपेक्षा समाधानच जास्त वाटत होतं, कारण रबडी अगदी गुमान चालली होती. ना खळखळ, ना तरंग. वरून घोटलेल्या ओट्यासारखी गुळगुळीत. बापाच्या हिशेबानं हीच तर चांगल्या पाण्याची खूण! तो बहिणीला म्हणालासुद्धा, "आवाज नायी पाय, मंजे चाल बरोबर हाय." इथंच तो फसला, आणि ही फसगत त्याची स्वतःची होती. पाणी खळखळतं तेव्हा ते वाळू उचलून नेतं. रबडी इतकी घट्ट आणि इतकी मुकाट झाली की तिच्या पोटातली जाडी कच हळूहळू तळाशी बसत गेली. वरची साय तशीच सरकत राहिली, आणि खालून दांड भरत राहिला. वरून पाहणाऱ्याला काय दिसणार?

एका दुपारी माणिकबाई बाजारात होती. सूर्यभान बंडीच्या सावलीत भाकर खात बसला होता, तेव्हा त्याला वळणावरचा काठ दिसेना. काठ होता तिथं राखाडी काहीतरी चकाकत होतं. तो हातातली भाकर टाकून धावला. रबडी काठ ओलांडून विहिरीकडे उतरत होती, आणि तीही किती सावकाश! म्हशीच्या जिभेएवढी एक जीभ पुढे यायची, थांबायची, तिच्या अंगावरून दुसरी यायची. त्यानं फावड्यानं माती ओढली, पोती टाकली, अंगातला सदरा काढून टाकला, शेवटी चिखलात आडवा बसून पाठ लावली. ती त्याला वळसा घालून गेली. पळत्या पाण्याला वळवणारा हा माणूस, पण गोगलगायीच्या चालीनं जाणारी ती घाण काही त्याला थांबवता आली नाही. ती विहिरीच्या काठावरून आत पडू लागली तेव्हा मोठा आवाजसुद्धा झाला नाही. सूर्यभान मात्र ओरडला. टेकडीच्या दिशेनं "बंद करा रे! कुलदीप! बंद कर रे बाबू!" असं ओरडत राहिला.

प्लांट बंद झाला तोवर विहीर राखाडी झाली होती. दोन मोटारी लावून उपसली, दोन्ही जळाल्या. तळाशी बसलेल्या पिठानं झरे बुजवून टाकले होते, लिंपून टाकावेत तसे. माणसं उतरून खरवडून आली, पण गोडं पाणी काही फुटलं नाही. पट्ट्यातलं सांबार आधी सुकलं, मग मेथी, मग बरीचशी वांगी.

खुशालराव आले. या वेळी चहा घेतला नाही. सूर्यभानच्या खांद्यावर हात ठेवून चार लोकांत म्हणाले, "उतार कमी पडला भाऊ. होते, माणसाचा हात चुकते कवा कवा. मी तुमाले दोष नायी देत." आणि सूर्यभाननं मान खाली घातली. शेजारी कुलदीप मोबाईलमध्ये बोट फिरवत उभा होता. ज्या गावानं त्याला डोक्यावर घेतलं होतं तेच गाव आता म्हणू लागलं, "सूर्यभाननं बह्यनीची इहीर बुजवली." त्या दिवसापासून कुणी त्याला दांड काढायला बोलावलं नाही. तो बहिणीच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. तिच्या दारावरून जायचं टाळून मागच्या गल्लीनं घरी यायचा.

तरी हात स्वस्थ बसेनात. उतार कमी पडला ना, मग जास्तीचा उतार देऊ, वळणच काढून टाकू, असं मनात धरून तो एका सकाळी प्लांटवर गेला. पंपावर भगवंत होता, गावचाच.

"भगवंता, त्या चाचणीच्या दिवशी सोडली होती तशीच रबडी एकडाव सोड गड्या. मले पुन्हा चालून पाहाची हाय."

भगवंतानं हात पुसत सरळपणे सांगितलं, "तशी कशी सोडू काका? त्या दिवशी तं कुलदीपनं मधात पाण्याचे टँकर लावले होते. वरून पाणी, खालून रबडी. आपली रोजची रबडी तशी कवाच नोती."

सूर्यभाननं वळून खाली दांडाकडे पाहिलं.

"टाकी बी त्या चाचणीच्या आंधीच बुक झाली होती नं," भगवंत पुढे म्हणाला आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून चपापला. "तुमाले... मालूम नोतं का?"

सूर्यभान टेकडी उतरून घरी आला. कुलदीप दारातच बूट घालत होता.

"त्या दिवशी पाणी तू सोडलं?"

कुलदीपनं बुटाची नाडी तशीच सोडून दिली. नाही म्हणाला असता तर सूर्यभाननं कदाचित त्याही वेळी विश्वास ठेवला असता. बाप होता तो.

"खुशालभाऊनं सांगतलं होतं बाबा. मले वाटलं, घट्ट बी जाईन. थोडी हळू जाईन, पण जाईन."

"मंग मले काऊन नायी सांगतलं? घट्ट हाय म्हणून सांगतलं असतं, तं मी तसा दांड काढला असता. नायी तं काढलाच नसता."

"तेच तं." कुलदीप खाली पाहून बोलला. "दांडाचं काय हाय बाबा? दांड तं पोकलेननं सकाळच्या चहाआंधी झाला असता. तुमी घे म्हटल्याबिगर आत्या हो म्हणत नोती. आमाले तेवढंच पायजे होतं."

भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, हे सूर्यभान इतरांना सांगून हसत आला होता. आज त्याला हसू आलं नाही. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते त्याला आज कळलं: कापून झाल्यावरही आपण कापणाऱ्याकडे मायेनं पाहत असतो. त्या धुऱ्यावर तो पाण्याच्या तोंडाबरोबर चालत होता, डोळे भरून येत होते, आणि वर टेकडीवर त्याचाच पोरगा ते पाणी मापून मापून सोडत होता. याच पोराला बोट धरून त्यानं दांडाकाठी चालायला शिकवलं होतं, कोणत्या चालीचं पाणी चांगलं ते सांगितलं होतं. तेच त्यानं वापरलं. बापाला काय आवडतं ते पोराला नेमकं ठाऊक होतं. सूर्यभानला मारावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, आणि सगळ्यांत जास्त लाज वाटली. त्या दिवशीच्या आपल्या आनंदाची लाज.

"तुह्या आत्यानं तुले हातानं जेवू घातलं रे," एवढंच तो म्हणाला आणि मागच्या गल्लीनं नव्हे, समोरून बहिणीच्या दारी गेला.

माणिकबाई सुपात लाल मिरच्या निवडत बसली होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिनं देठ मोडायचं थांबवलं नाही.

"कोनं त्याच्याकून करून घेतलं, का त्यानं सोताच्या हातानं केलं?"

"सांगतलं खुशालरावनं. हात त्याचाच."

तिनं आणखी दोन-चार देठ मोडले. मग म्हणाली, "तुले कवा समजलं?"

"आत्ता. सकाळी."

"मंग इतके दिवस मान खाली घालून कायले फिरला माह्यापासून? गाव म्हणे तुह्या भावानं केलं, मी म्हणो हात चुकला असन, मन नायी चुकत त्याचं." पदरानं डोळे टिपायला तिनं हात उचलला आणि हाताला मिरची आहे हे आठवून तसाच खाली ठेवला. "पोरगं गेलं आपलं, सूर्या. इहिरीपेक्षा ते मोठं गेलं."

दोन दिवसांनी टेकडीवरून पाण्याचा टँकर उतरला. ड्रायव्हरच्या शेजारी कुलदीप होता. पट्ट्याच्या तोंडाशी, सूर्यभाननं फार वर्षांपूर्वी काढलेल्या भाजीच्या दांडाला टँकर लावून तो खाली उतरला. "आत्याबाई, रोज येईन टँकर. गोडं पाणी हाय. इहीर साफ होईलोक येईन," असं म्हणून तो तिच्या पायांकडे वाकला. माणिकबाईनं पाय मागे घेतले.

आवाज ऐकून सूर्यभानही आला होता. पट्ट्यात वांग्याची शेवटची काही झाडं अजून जीव धरून होती. माणिकबाईनं टँकरकडे पाहिलं, वांग्यांकडे पाहिलं, आणि मग सवयीनंच मान वळवून भावाला विचारलं,

"घेऊ का रे?"

सूर्यभाननं तोंड उघडलं. पाणी गोडं होतं की नव्हतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. उद्या येणार की नाही, कोणत्या बोअरचं, त्याच्या बदल्यात पुढे काय मागतील, काहीच ठाऊक नव्हतं. तसं पाहिलं तर पूर्वीही सगळं कुठे ठाऊक असायचं? तरी "घे" यायचा. आज तो आला नाही. कुलदीप त्याच्याकडे आशेनं पाहत होता, आणि त्या पाहण्यानंच सूर्यभानचं तोंड मिटलं.

माणिकबाईनं थोडी वाट पाहिली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मग ती स्वतःच म्हणाली, "सोड रे बाप्पा."

तोटी सुटली. दांडातून पाणी निघालं, भरल्या बंडीच्या बैलासारखं, त्याच जुन्या उतारावरून. माणिकबाई फावडं घेऊन पहिल्या वाफ्याचं तोंड फोडायला वाकली. सूर्यभान जागेवरच उभा राहिला. पाणी त्याच्या पायाजवळून पुढे निघून गेलं, आणि तो त्याच्यासंगं चालला नाही.